यादीतला नववा सिनेमा

मी एक डीव्हीडी बोलतेय, आणि तीही बंद प्लेअरच्या पोटातून. तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर सांभाळून घ्या. वर्ष झालं मला इथे अडकून. बाहेर काढायचं बटण दाबलं की आत नुसतं कुरकुर वाजतं, ट्रे काही सरकत नाही. कुणी लावलं की गरगरायचं, बंद केलं की गप पडून राहायचं. हेही काय जगणं झालं?

मी पहिल्यापासून अशी किरकिरी नव्हते हो. कारखान्यात आम्ही हजारभर बहिणी एकाच साच्यातून निघालो. तोंड बघावं इतकी चकाकी होती अंगाला! सगळ्यांच्या अंगावर एकच सिनेमा कोरलेला. युरोपातल्या त्या पाण्यातल्या शहराचा, जिथे रस्त्यांच्या जागी कालवे आहेत आणि लोक दारात होडी बांधतात. होडीतून पत्रं वाटणारा एक पोस्टमन आणि काचेचे मणी विकणारी एक विधवा, अशी गोष्ट. शेवटी त्यांचं जमतं. सांगून टाकलं म्हणून रागावू नका, शेवटपर्यंत जागे राहिलेले प्रेक्षक मला तसेही कमीच भेटले.

माझी पहिली वर्षं एका सिनेमा लायब्ररीत गेली. एका बाईने माझ्यावर चहाचा कप ठेवला. एका महाशयांनी परत करताना मला भलत्याच डबीत कोंबलं, त्यामुळे चार महिने मी कुस्तीच्या डबीत काढले. ज्याने कुस्ती म्हणून मला नेलं, त्याने मण्यांचं दुकान बघून केलेली शिवीगाळ अजून कानात आहे. पण दिवस मजेत होते. रोज नवं घर, नवी माणसं.

लायब्ररीवाल्याला प्रवासाचं भारी वेड, आणि दुकान सोडून तो गेला मात्र कुठेच नाही. त्याने शहरांप्रमाणे कप्पे केले होते. आमच्या कप्प्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथे जाण्याआधी हे अकरा सिनेमे पाहा.' त्यातली मी नववी. दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा त्याने आम्हा अकराजणींना एका पिशवीत घातलं आणि पिशवी काकांच्या हातात दिली. "जाऊन या, आणि खरं कसं आहे ते मला सांगा," एवढंच म्हणाला.

हे काका म्हणजे नकाशे काढण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींच्या रेषा ओढल्या. पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय वाण्याची यादीसुद्धा लिहायचे नाहीत. काकूंनी जन्मभर घरी शिवणकाम केलं. शर्टाची काजं करावीत तर त्यांनीच. मशीन चालवता चालवता त्या म्हणायच्या, "एकदा ते पाण्यातलं शहर बघायचंय बाई मला." मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग सासूबाईंचं आजारपण, असं करत ते राहून गेलं.

मग काकूंना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, औषधाने वेग कमी होईल, पण गेलेली नजर परत येणार नाही. आधी बाजूचं दिसेनासं होईल, मग हळूहळू समोरचं. "जे बघायचं मनात असेल, ते दोनेक वर्षांत बघून घ्या."

त्याच आठवड्यात काकांनी आमची पिशवी उघडली. मला वाटलं, चला, आता ही दोघं निघणार! पण काकांनी फर्मान काढलं, "आधी यादी संपवायची, मग तारीख."

"अहो, सिनेमे कसले बघत बसता? तिकडेच जाऊ ना," काकू म्हणाल्या.

"तिथे कालव्यांना धड कठडे नाहीत. तुला बाजूचं दिसत नाही. तुला धरून मी चालणार. मग मला एकेक वळण पाठ नको?"

काकूंनी दिवाणावर जागा धरली. माणूस काळजीनेच बोलत होता.

टेबलावर भलामोठा कागद अंथरला गेला. काका सिनेमा थांबवायचे, रेघ ओढायचे, पुन्हा लावायचे. आठ सिनेमे झाले आणि माझी पाळी आली. तिथेच घोडं अडलं. माझ्यातला पोस्टमन निळ्या दारापाशी डावीकडे वळतो आणि विहिरीच्या चौकात येतो. तिसऱ्या सिनेमात त्याच दारापाशी डावीकडे वळलं की चर्च लागतं. काकांनी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. कागदाला भोक पडलं, पण रस्ता जुळेना.

जुळणार कसा? सिनेमावाल्यांनी निळं दार एका टोकाला टिपलं, विहीर दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही तुकडे जोडून टाकले. मला माहीत होतं ना! दारापाशी पोस्टमनच्या बुटांना चिखल आहे, चौकात बूट कोरडे ठणठणीत. ओरडून सांगावंसं वाटायचं, काका, ही वाट नाहीच मुळी! पण टीव्हीवर मला माझ्यात कोरलेलंच बोलता येतं. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, तयार नकाशे मिळतात की!" त्यावर काका भडकायचे. "दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर विसंबून तुझ्या आईला पाण्याकाठी नेऊ?"

त्या पुढेमागे करण्यात बिचाऱ्या प्लेअरचा जीव मेटाकुटीला आला आणि एके दिवशी ट्रे अडकला. दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, "उघडायचं तर डीव्हीडी मोडेल." काका मध्ये पडले, "मोडायची नाही! नकाशा अर्धवट आहे." वाचले म्हणायचं की तुरुंगात गेले, तुम्हीच सांगा. दहावा आणि अकरावा सिनेमा पिशवीतच राहिला. यादी संपेना, तारीख निघेना. रोज दुपारी जेवण झालं की मी आणि माझं ते निळं दार. माझाच मला वीट आला. आणि सगळं माझ्यामुळे थांबलंय, हे मनाला खात होतं ते वेगळंच.

गेल्या महिन्यातली दुपार. काकांनी नेहमीसारखं चित्र थांबवलं.

"अगं, त्या कडेला, दारावर नंबर आहे का बघ. माझा चष्मा आत राहिलाय."

"कुठल्या दारावर?"

"निळं दार. उजव्या कडेला. रोज तर बघतेस!"

"मला नाही दिसत," काकू म्हणाल्या. "नुसता पोस्टमन दिसतो. बाजूला काही नाही."

"कधीपासून?"

"दिवाणावरून उठताना टेबल लागायला लागलं तेव्हापासून. दोन महिने झाले असतील."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणाला असता, मग अजून नीट नकाशा हवा." काकूंचा आवाज चढला. तसा तो मी कधीच ऐकला नव्हता. "चौदा महिने, अहो! चौदा महिने माझी उरलेली नजर या खोक्यापुढे चाललीय. मला ते शहर बघायचं होतं. तुमचं पाठांतर नव्हतं बघायचं!"

काकांची पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली, ती त्यांनी उचललीही नाही. मग म्हणाले, "तू पाण्यात पडलीस तर? मला पोहता येत नाही गं."

"मला तरी कुठे येतं? पडलो तर ओरडू. तिथे होड्या काय कमी आहेत!"

आणि काका हसले. हसता हसता रडायलाच लागले, हुंदके देऊन, लहान मुलासारखे. काकूंनी त्यांना जवळ घेतलं. मी तिथेच थांबलेल्या चित्रावर गरगरत होते. मला बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

आज सकाळी ती दोघं त्या शहराला निघाली. काकांनी टेबलावरचा कागद गुंडाळून बॅगेत घातला, तो काकूंनी काढून परत टेबलावर ठेवला. "माझा हात धरायला तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत," म्हणाल्या. मग मेन स्विच बंद झाला, दाराला कुलूप लागलं, आणि इथे मिट्ट काळोख झाला.

काकू, इतकी वर्षं ते शहर अंगावर वागवलं, पण मी स्वतः ते कधी पाहिलेलं नाही. तुम्ही बघा. वळण चुकलात तर चुका, पुन्हा चुका. काकांनी घाई केली तर त्यांना दटावा आणि पुलावर हवं तेवढं उभ्या राहा. एक दिवस वाढवावासा वाटला तर खुशाल वाढवा. मला इथून सोडवायची काही घाई नाही. सावकाश या.