नमुन्याची खुर्ची

वेंडेल प्रूइटने तीन महिने डोनट तोंडात घातला नव्हता. ऐकायला हे काही विशेष वाटत नाही, पण इंडियानातल्या कोकोमोसारख्या गावात शाळेची बस चालवणाऱ्या माणसाला विचारा. पहाटे पाचला उठायचं, थंडीत बस गरम करायची, आणि डेपोतल्या टेबलावर उघडा पडलेला तो गुलाबी खोका बघून न बघितल्यासारखं करायचं. बाकीचे ड्रायव्हर त्याच्या नाकासमोर खाऊन दाखवायचे. एकाने तर साखरेचं बोट त्याच्याच जॅकेटला पुसलं. वेंडेलने जॅकेट झटकलं आणि तीस पौंड उतरवले.

कारण होती कॅसिडी, त्याची बारा वर्षांची मुलगी. घटस्फोटानंतर ती आईकडे राहायची आणि शनिवार-रविवार वेंडेलकडे यायची. आता आई आणि तिचा नवा नवरा कर्ट अ‍ॅरिझोनाला बिऱ्हाड हलवणार होते. एप्रिलमध्ये न्यायाधीशबाई कॅसिडीला आपल्या खोलीत एकटीला बोलावणार आणि विचारणार, बाळ, तुला कुणाकडे राहायचंय? त्याआधी मार्चमधली शाळेची आठवडाभराची सुट्टी तेवढी वेंडेलच्या वाट्याला आली होती. त्यातले फ्लोरिडात, ऑरलँडोच्या पाळण्यांच्या मोठ्या बागेत तीन दिवस, बस. जे काय करायचं ते त्या तीन दिवसांत.

त्याच्या हातात हुकमाचं पान एकच होतं. कर्टला उंची सोसत नव्हती. घरातला बल्ब बदलायला तो शेजाऱ्याला हाक मारायचा. आणि कॅसिडीला तर उंच पाळण्यांचं वेड. फोनवर ती दोन वर्षं बॅराकुडाचे व्हिडिओ बघत होती. बॅराकुडा म्हणजे त्या बागेतला नवा रोलर कोस्टर, ज्यात पाय अधांतरी लोंबतात आणि गाडी माणसाला उलटं टांगून पाण्यावरून नेते. ख्रिसमसला वेंडेलने तिला शब्द दिला होता, "पहिली ओळ. तू आणि मी, शेजारी शेजारी." तेव्हा तिने फोन खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं होतं. जेवणाच्या टेबलावर फोन खाली ठेवणारी मुलगी तुम्ही अलीकडे पाहिली असेल तर सांगा.

बरोबर त्याची मोठी बहीण लोरेटा होती. लोरेटा केस कापायचं दुकान चालवायची, ऑरलँडोला अकरा वेळा आली होती, आणि या बागेत तिला विचारल्याशिवाय पानही हलू नये अशी तिची समजूत होती. वेंडेलने तिघांसाठी एकसारखे नारिंगी टी-शर्ट छापून आणले होते, छातीवर 'प्रूइट पलटण'. कॅसिडीने तो घातला, पण चालताना ती दोन पावलं पुढेच राहिली.

"साडेदहाला आलो आपण," लोरेटा म्हणाली. "आठला दार उघडतं. साडेदहाला फक्त इंडियानातली माणसं येतात."

"अगं, नाश्ता होता हॉटेलात."

"तू तर एक उकडलेलं अंडं खाल्लंस. बूट नवे?"

"हो."

"कोरे करकरीत बूट घालून दहा मैल चालणार. धन्य आहेस बाबा. आणि उजवीकडे कुठे निघालास? सगळं जग आत शिरलं की उजवीकडे वळतं. आपण डावीकडून जायचं."

ते डावीकडून गेले. बॅराकुडाच्या रांगेच्या तोंडाशीच एक खुर्ची होती. गाडीतली असते तशीच खरी खुर्ची, खांद्यावरून खाली ओढायच्या जाड पट्ट्यासकट, सिमेंटच्या चौथऱ्यावर उन्हात मांडलेली. ज्याला आपण मावू की नाही अशी शंका असेल त्याने आधी इथे बसून बघायचं. पट्टा छातीवर आला आणि दोनदा खट् वाजलं की दिवा हिरवा होतो. सोय चांगली. पण समोरच बाकं, आणि बाकांवर टर्कीच्या तंगड्या चघळत बसलेली पंचवीस-तीस माणसं. त्यांना दुसरा उद्योग नव्हता. कुणी जाडा माणूस खुर्चीकडे वळला की ते चघळायचे थांबत.

"बस एकदा त्यात," लोरेटा म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"गरज नाही. तीस पौंड कमी केलेत मी."

"वजनाचं कोण बोलतंय? तुझी छाती म्हणजे आपल्या बाबांसारखं कपाट आहे. चरबी उतरवलीस, हाडं कशी उतरवणार?"

"लोरेटा, पोरगी ऐकतेय."

"ऐकू दे की. इथे तीस जण बघतील, वर दोनशे बघतील. कुठे शोभा करून घ्यायची ते तू ठरव."

वेंडेलने वेबसाइट तीनदा वाचली होती. तिथे वजनाचा आकडा नव्हता, छातीचा नव्हता, कसलाच नव्हता. 'काही शरीरयष्टीच्या पाहुण्यांना जागा अपुरी पडू शकते', एवढंच. असं लिहिणाऱ्याच्या हाताला लाज कशी वाटत नाही कोण जाणे. ज्याला ते कळायला हवं त्याला कळू नये अशाच बेताने लिहिलेलं असतं ते.

पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा कर्मचारी हळूच जवळ आला. "सर, एकदा बसून बघता का? म्हणजे वर खोळंबा नको."

"का? मी तसा दिसतो का?"

"नाही सर. आम्ही सगळ्यांनाच विचारतो."

त्याच क्षणी शेजारून एक काटकुळं जोडपं आत गेलं, त्यांना त्याने विचारलं नाही. वेंडेलने ते बघितलं. कॅसिडीनेही बघितलं आणि ती बुटाच्या टोकाने जमीन उकरू लागली. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मी सांगायला नको. पण वेंडेलला वाटलं, मुलीसमोर त्या खुर्चीवर चढायचं म्हणजे आपण मावणार नाही हे निम्मं कबूलच करायचं. तो म्हाताऱ्याला म्हणाला, "मावतो मी, काळजी नको," आणि रांगेत शिरला. लोरेटाची मान दुखायची म्हणून ती लिंबूपाणी घेऊन बाकावर बसली. जाता जाता तिने दोन्ही हात हवेत उडवले.

रांग दोन तास दहा मिनिटांची होती. पहिल्या ओळीत बसायचं तर आणखी चाळीस मिनिटं. ती तीन तासांची रांग वेंडेलच्या आयुष्यातला गेल्या दोन वर्षांतला सगळ्यात चांगला वेळ होता, आणि हे त्याला उभ्या उभ्याच कळत होतं. टाचांना फोड आले, शर्ट पाठीला चिकटला, पण पोरगी बोलत होती. मैत्रिणीने कसा दगा दिला, गणिताची बाई कशी खवीस आहे, कुठल्या वळणावर पोटात कसा गोळा येतो. मध्येच कठड्याला टेकायचा कंटाळा आला तेव्हा ती त्यालाच टेकली.

"डॅड, तुला भीती नाही वाटत?"

"थोडी वाटते."

"कर्ट असता ना, तर इथे रांगेतच ओकला असता."

वेंडेल हसला. हसू नये हे त्याला कळत होतं, पण असं पोटभर हसायला त्याला महिनोन्महिने मिळालं नव्हतं. न्यायाधीशबाईंचं काही विचारावं असं ओठांवर आलं आणि त्याने ते परत गिळलं. आत्ता नको, खाली उतरल्यावर, तिचे गाल लाल असताना, त्याने ठरवलं.

मग फाटक उघडलं आणि ते पहिल्या ओळीत बसले. कॅसिडीने आपला पट्टा ओढला, खट् खट्, हिरवा दिवा. वेंडेलने ओढला. पट्टा छातीवर येऊन टेकला आणि तिथेच राहिला.

एक मुलगी धावत आली. "श्वास सोडा, सर." त्याने सोडला. तिने दाबलं. एक खट् वाजलं. दुसरं काही वाजेना. दुसऱ्या बाजूने एक तगडा पोरगा आला आणि दोघांनी मिळून दाबलं. वेंडेलच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिसरा आला. गाडीत बत्तीस माणसं लोंबत्या पायांनी अडकून बसली होती आणि फाटकांमागे शे-दीडशे उभी होती. मग मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "एक, दोन, तीन, दाबा," आणि सगळी गाडी मोजू लागली. एक, दोन, तीन, दाबा. एका बाईने फोन वर धरला. लोक वाईट नसतात म्हणतात. नसतीलही, पण तीन तास रांगेत उभं केल्यावर त्यांना जवळून बघा.

"अजून एकदा," वेंडेल म्हणाला. "होतंय. जरासं राहिलंय."

"सर, आता तुम्हाला उतरावं लागेल."

"माझी मुलगी आहे ही. शब्द दिलाय मी तिला."

कॅसिडीला पट्ट्यामुळे मान वळवता येत नव्हती. ती समोर बघत, ओठ न हलवता बोलली. "डॅड, उतर ना. प्लीज. सगळे बघतायत."

"तू पण उतर, बाळा. आपण दुसऱ्या कशात तरी..."

"मी नाही उतरणार."

तो उतरला. पट्टा वर गेला तेव्हा त्याचा नारिंगी शर्ट त्यात अडकून छातीपर्यंत वर आला, आणि पलीकडून कुणीतरी शिट्टी मारली. कर्मचारी मुलगी एकट्यांच्या रांगेकडे वळून ओरडली, "एक जण." एकट्यांची रांग म्हणजे ज्यांना सोबत नको, फक्त रिकामी जागा हवी त्यांची. तिथून एक सडपातळ माणूस आला, वेंडेलच्याच वयाचा, टक्कल, गॉगल. "सॉरी, दोस्त," म्हणत तो अजून गरम असलेल्या खुर्चीत बसला. खट् खट्. गाडी सुटली. सुटताना टाळ्या पडल्या, त्या कशासाठी ते वेंडेलने स्वतःला विचारलं नाही.

बाजूच्या जिन्याने तो खाली आला. लोरेटा उठून उभी राहिली.

"मी काही बोलत नाहीये," ती म्हणाली.

"नको बोलू."

"पण बोलले होते. अख्ख्या ऑरलँडोला ऐकू जाईल असं बोलले होते. तीन तास ऊन खाल्लंस, तीन मिनिटं मान खाली घालून त्या खुर्चीत बसला असतास तर काय अंगाला भोकं पडली असती?"

"लोरेटा, पुरे."

तिने उरलेलं लिंबूपाणी त्याच्या हातात दिलं, आणि त्याने ते हातात धरून ठेवलं.

बाहेर पडायची वाट दुकानातून जायची. तिथे पडद्यांवर प्रत्येक गाडीतल्या माणसांचा, वाटेत काढलेला फोटो लागायचा. वेंडेल आत शिरला तेव्हा कॅसिडी आधीच काउंटरशी उभी होती. तिने कमरेला बांधलेला स्वेटर सोडून नारिंगी शर्टावर चढवला होता, गळ्यापर्यंत चेन ओढून, त्या मरणाच्या उकाड्यात. पडद्यावर तीच होती. केस उभे, हात वर, तोंड उघडं, इतकी आनंदात की वेंडेलला आधी ती ओळखूच आली नाही. शेजारी तो टकलू, तोही हात वर करून.

"किती छान आलाय," काउंटरवरची बाई म्हणाली. "तुझे डॅड तर तुझ्याहून खूश दिसतायत."

कॅसिडीने मागे बघितलं. वेंडेल चार पावलांवर होता. दोघांची नजरानजर झाली, चुकून वगैरे नव्हे, चांगली झाली. मग ती बाईकडे वळली.

"हो," ती म्हणाली. "ते असेच आहेत."

"तुम्हाला काय हवंय, सर?" बाईने तिच्या डोक्यावरून वेंडेलला विचारलं. "तुम्ही हिच्याबरोबर का?"

आता नाही म्हणायला तरी त्याचं तोंड उघडायला हवं होतं की नाही? उघडलं. "नाही," तो म्हणाला, "मी नुसतं बघतोय," आणि शेजारच्या किल्लीच्या साखळ्या चाळू लागला. त्यानेच सकाळी खर्चायला दिलेल्या पैशांतून तिने तो फोटो घेतला.

बाहेर झाडाखाली लोरेटा पाय सोडून बसली होती. कॅसिडी तिच्याकडे गेली नाही. ती वेंडेलजवळ थांबली, फोटोची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

"डॅड, तू चिडलास?"

"नाही गं. मजा आली ना?"

"खूप." तिने पिशवीची कड बोटाने सरळ केली. "तुला एक सांगायचंय. मी जजना सांगणारे की मला अ‍ॅरिझोनाला जायचंय."

वेंडेलने लिंबूपाण्याचा ग्लास कठड्यावर ठेवला. "आज वर जे झालं त्यामुळे?"

"नाही, नाही," ती घाईघाईने म्हणाली. बापाला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "ते तर ख्रिसमसच्या आधीच ठरलं होतं. मॉम म्हणाली, डॅडला फ्लोरिडा झाल्यावर सांग, नाहीतर तो तिकिटं रद्द करेल."

ख्रिसमसच्या आधी. म्हणजे डोनट सोडायच्याही आधी. वेंडेलने मान हलवली, जशी तो बसमध्ये एखाद्या पोराने थांबा चुकल्याचं सांगितलं की हलवायचा.

"मी केली असती का रद्द?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत." तिने बॅराकुडाच्या फाटकाकडे बघितलं. "डॅड, एकट्यांच्या रांगेला फक्त वीस मिनिटं लागतात. मी अजून एकदा जाऊ?"

"जा."

तिने फोटोची पिशवी त्याच्या हातात दिली, वाकडी करू नकोस म्हणून बजावलं आणि पळत सुटली. वेंडेल पिशवी छातीशी सपाट धरून उभा राहिला.