ठकीच्या डोळ्यातला डाग

मित्रांनो, मी एक जंत आहे. हे सांगताना माझी मान खाली जाते. मान म्हणावी असा भाग मला नाही, तरीही.

आमचं कूळ कुत्र्यांच्या आतड्यात राहणारं. माझी आई एका रोपवाटिकेतल्या पिल्लाच्या पोटात होती. रोपवाटिकेचे माळी मोठ्या कुत्रीला जंताचं औषध नेमाने देत. "पिल्लांनाही आणा," असं प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

"अजून अंगावर पितात ती," माळ्याची बायको म्हणाली. "दुधात कुठले आलेत जंत?"

तिथेच चुकलं. आम्ही पिल्लांत जन्माआधीच शिरलेले असतो, दुधातूनही जातो.

पिल्लाच्या विष्ठेतून मी मातीच्या ढिगात पडलो. तेव्हा मी नुसतं अंडं होतो, डोळ्यांना न दिसणारं, चिकट. काही आठवडे मातीतच तयार होत राहिलो. मग माळ्याची लेक ठकी कुंड्या भरायला बसली. मध्येच फ्रॉकला हात पुसून तिने गाजर खाल्लं आणि मी तिच्या पोटात गेलो.

कवचातून बाहेर आलो, तर घर परकं. माणसात आम्ही मोठे होत नाही, नुसते भटकतो. रक्तातून भटकत मी तिच्या उजव्या डोळ्यात अडकलो. डोळा आतून सुजला.

झारीची धार कुंडीबाहेर जाऊ लागली. "अगं, पाणी झाडाला घालतेस की माझ्या पायाला?" आत्या चिडवायची. ठकीही हसायची. एकदा तिने गंमत म्हणून डावा डोळा झाकला.

"आत्या, तुझं नाक कुठे गेलं?"

कुणी हसलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "घरात पिल्लं आहेत का?" आईने पदर तोंडाला लावला.

"आजच देऊन टाकतो सगळी," बाबा म्हणाले.

"त्यांनी काय केलं?" ठकी म्हणाली.

"देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "औषध द्या. घाण रोजच्या रोज उचला, माती झाकून ठेवा. आणि बाई, तू हात साबणाने धुवायचे."

औषधांनी सूज उतरली. मीही मेलो.

मित्रांनो, पिल्लू दूध पीत असतानाच त्याला डॉक्टरांकडे न्या. मातीतून उठलात की हात धुवा. माझ्यासारख्याला परक्या घरी पोचूच देऊ नका.

ठकी आता स्वतः पिल्लांना औषध पाजते. पण डावा डोळा झाकला, की आत्याच्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी तिला अजून एक करडा डाग दिसतो. तो मी.