माया न ठेवता शिवलेला ब्लाउज

मी एक जुना ब्लाउज आहे, मित्रांनो. रंग पांढरा, कापड रेशमी, गळा मागून खोल आणि पाठीवर दोन गोंडे. जुना म्हटलं की तुम्हाला वाटेल, कोणाच्या तरी अंगावर वापरून वापरून मी विरलो असेन. तसं काही झालं नाही. मला घालून आजवर एकही बाई घराचा उंबरठा ओलांडून गेलेली नाही. एका चांगल्या मुलीला स्वतःच्या अंगाची लाज वाटावी, एवढ्यासाठी मला शिवलं होतं. ज्यांनी मला त्या कामाला लावलं त्यांच्याविषयी माझं मत चांगलं नाही. स्वतःविषयी तर त्याहून नाही.

माझा जन्म नागपुरात धरमपेठेतला. भैरवी नावाच्या बाईंचं तिथे बुटिक होतं. बुटिक म्हणजे शिंप्याचंच दुकान, फक्त तिथे शिंपी आतल्या खोलीत बसतो आणि बाहेर थंड हवेत बाई बसते. त्या दिवशी मी अजून ताग्यातलं कापड होतो. काउंटरवर पडल्या पडल्या मी सगळं पाहत होतो.

आत तीन बायका आल्या. एक मिनल, उमरेडची, एसटीत कंडक्टर. उमरेड ते नागपूर गाडीवर तिची ड्यूटी असे. उंच, रुंद खांद्यांची, दंडात जोर असलेली मुलगी. खच्चून भरलेल्या गाडीतून ती मागच्या सीटपासून ड्रायव्हरपर्यंत तिकिटं काढत जायची, आणि वाटेत एखाद्या म्हाताऱ्याला बसायला जागाही करून द्यायची. दुसरी तिची आई, अंजनाबाई. तिसरी मेघा. मिनलचं लग्न नागपूरच्या पियुषशी ठरलं होतं, आणि मेघा त्याची मोठी बहीण. लग्न होऊन ती त्याच शहरात राहत होती, पण माहेरी शब्द तिचाच चाले. लग्न बौद्ध पद्धतीने, म्हणून नवरीची साडी पांढरी. त्यावरचा ब्लाउज आपण भेट देणार, असं मेघाने जाहीर केलं होतं.

भैरवीबाईंनी मिनलच्या छातीभोवती टेप धरला आणि चाळीस म्हणाल्या. मेघा हसली.

"छत्तीस लिही."

मिनलला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग मेघाने तिला समजावून सांगितलं. लग्नाला तीन महिने आहेत, डोळ्यांसमोर काही असलं की माणूस मेहनत करतो, आमच्या घरात सगळे सडपातळ आहेत, तू उठून दिसशील, आणि उठून दिसणं म्हणजे काही चांगलं दिसणं नव्हे. हे सगळं ती फार गोड आवाजात बोलली. गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात टेप असू नये, असं मला तेव्हापासून वाटतं.

मिनल आईकडे बघत होती. मीही बघत होतो. अंजनाबाई म्हणाल्या, "ताई बराबर म्हणते वं. तुह्याच भल्यासाठी आहे."

मला शिवणारा कारागीर बाहेर येऊन विचारून गेला, माया किती सोडू? शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. भैरवीबाई म्हणाल्या, अजिबात नको, मायेने फिटिंग बिघडतं. असा मी माया न ठेवता शिवला गेलो. मानेशी एक पट्टी लावली, तिच्यावर 'एम'. एम म्हणजे म्हणे मध्यम. कोणाच्या मध्ये आणि कोणाच्या मानाने, ते त्या पट्टीला विचारून उपयोग नव्हता. ती गुंडाळीने येते आणि मालकीण सांगेल तिथे चिकटते.

उमरेडला घरी गेल्यावर मी कपाटात जाईन असं मला वाटलं होतं. अंजनाबाईंनी मला आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवलं, पोरीच्या नजरेसमोर राहावा म्हणून. माझ्या बाजूला मिनलचा खाकी शर्ट टांगलेला असे. गावातल्या शिंप्याने तो तिच्या मापाने शिवला होता, हात वर करून घंटीची दोरी ओढता यावी म्हणून काखेत सैल ठेवून. तो तिला कधी काही म्हणाला नाही. ती सकाळी उठायची, त्याला अंगात घालायची आणि कामाला जायची. मला त्याचा हेवा वाटे.

मग मिनलचं जेवण सुटलं. आधी भात गेला, मग दोन पोळ्यांची एक झाली, मग तिच्या जागी काकडी आली. सकाळी जिऱ्याचं पाणी. डबा इतका हलका झाला की तो न्यायचा की नाही याचाही विचार पडावा. वस्तीत ही बातमी पोचल्यावर बायका सल्ले द्यायला येऊ लागल्या. कोणी मध-लिंबू सांगितलं, कोणी मेथीदाणे. एका मावशीने तिखट पुऱ्या आणल्या, सगळ्यांना वाढल्या आणि मिनलसमोरून ताट उचलताना म्हणाली, "तुले नाही बाई, तुहं लग्न आहे." मिनलही हसली. हसण्यावाचून काय करणार?

रविवारी मला खिळ्यावरून काढलं जाई. मिनल दोन्ही हात माझ्यात घालायची, आई मागून ओढायची आणि बाजूची चेन वर चढवायला लागायची. चेन बरगडीपाशी अडायची. मग मेघाचा व्हिडिओ कॉल येई आणि मिनलला फोनसमोर वळून दाखवावं लागे. "अजून चार बोटं राहिलीत," मेघा म्हणायची, "पण चेहरा छान उतरला." चेहरा उतरला होता हे खरं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, मनगटं सुकली होती, मात्र खांदे होते तेवढेच होते. खांद्यात हाड असतं आणि हाड उपासाने आवळत नाही. मला, एका कापडाला, हे कळत होतं. त्या शिकल्यासवरल्या माणसांना कळत नव्हतं.

एकदा मिनलने पियुषला फोनवर विचारलं, तुम्हाले काय वाटते? फोन स्पीकरवर होता म्हणून उत्तर मीही ऐकलं. तो म्हणाला की त्याला स्वतःला काहीच अडचण नाही, ती आहे तशी त्याला आवडते, पण ताईने एवढ्या हौसेने शिवलाय तर तिचं मन कशाला मोडायचं. मेघाचा मला राग येत असे. या माणसाची मला किळस आली. ज्याला अडचण नाही आणि जो तरीही काही करत नाही, त्याच्यापेक्षा उघड टोचणारी सुई बरी.

पुढे जे घडलं ते मी पाहिलं नाही. गाडीचे ड्रायव्हर रामाजी संध्याकाळी मिनलला घरी सोडायला आले, तेव्हा त्यांनी अंजनाबाईंना जे सांगितलं ते माझ्या कानावर पडलं. पाचगाव सोडल्यावर गाडी गच्च भरली होती. मिनलने घंटी द्यायला हात वर केला आणि ती तशीच खाली कोसळली. सीटची कड कपाळाला लागली. रामाजींनी गाडी बाजूला घेतली, लोकांनी वारा घातला, कोणी साखर तोंडात घातली. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि पोरगी उपाशी आहे एवढंच सांगितलं. रामाजी म्हणाले, "मी दोनदा म्हटलं, माह्या डब्यातलं खाय. नाही म्हणे."

पण त्या गाडीत इतर माणसंही होती. एका बाईने मिनलच्या पोटाकडे पाहून शेजारणीला विचारलं होतं, कितवा महिना? लग्न ठरलेली मुलगी, अंगाने भरलेली, चक्कर येऊन पडते. लोकांना याहून जास्त पुरावा लागत नाही. डॉक्टरांचं म्हणणं दवाखान्यातच राहिलं आणि त्या बाईचा प्रश्न तेवढा उमरेडात फिरून नागपुरात पोचला. ज्या पोटाला इतके दिवस जाड म्हणून नावं ठेवली, त्याच पोटात आता लोक दुसरंच काही शोधायला लागले. मेघाचा फोन आला. कपाळाला किती टाके पडले, असं तिने विचारलं नाही. "लोक काय काय बोलून राहिलेत, कळलं का तुम्हाला?" असं विचारलं.

त्या रविवारी दुपारी मेघा, पियुष आणि त्यांचे वडील उमरेडला आले. मी खिळ्यावर होतो, त्यांच्या डोक्यावर. मिनलचे वडील धम्मानंद कोळशाच्या खाणीत कामाला होते, फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि स्वतः दाराशी स्टुलावर बसले. अंजनाबाईंनी पाहुण्यांना पोहे दिले. मग मेघाने विषय काढला. आमचा विश्वास आहे, ती म्हणाली, प्रश्न लोकांचा आहे. एक साधी तपासणी, डॉक्टरांचा एक कागद, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद. पियुषचे वडील जमिनीकडे बघत मान हलवत होते. अंजनाबाईंचे डोळे भरून आले होते, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत.

मिनल उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ती रडायला गेली असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली. ताटात भात होता, वरण होतं, वांग्याची भाजी होती. पाहुण्यांच्या समोर तिने खाली बैठक मारली आणि भात कालवायला घेतला.

"हे काय आहे?" मेघाने विचारलं.

"जेवून राहिली," मिनल म्हणाली. "मले भूक लागली आहे. त्या दिवशीही लागली होती. म्हणून पडली."

अंजनाबाई मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या होत्या. दोन घास झाल्यावर मिनलने पियुषकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. तुम्हाले पायजे का तो कागद?"

पियुषने बहिणीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "मला नको आहे," तो म्हणाला. "पण ताई म्हणते तर एकदा करून टाकू. विषय संपेल."

"संपला," मिनल म्हणाली.

मेघा उठून काही बोलणार होती. तेवढ्यात दाराशी बसलेले धम्मानंद बायकोकडे वळून बोलले. त्या दुपारभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं. "तिच्या पानात वरण वाढ."

अंजनाबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, वरणाचं पातेलं घेऊन आल्या आणि वाढलं.

जाताना मेघाची नजर माझ्याकडे गेली. मिनलने हात न धुताच डाव्या हाताने मला खिळ्यावरून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "घेऊन जा. तुम्ही घाला." मेघाने हात पुढे केला नाही. मी तिलाही घट्टच झालो असतो. हे तिला माहीत होतं आणि त्या घटकेला मलाही कळलं. कोण जाणे, तिलाही कधी कोणी असंच आरशासमोर उभं केलं असेल. असेलही. ते दुखणं तिने जपून ठेवलं आणि संधी मिळताच दुसरीच्या अंगावर घातलं, म्हणून मला तिची दया येत नाही.

लग्न मोडलं. मिनलने मला जुन्या कपड्यांच्या बोचक्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंनी मला हळूच बाहेर काढलं, घडी केली आणि डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवलं. होईल कधी तरी, असं त्या पुटपुटल्या. मित्रांनो, इतकी वर्षं माझी राखण झाली ती या आशेवर. पेटीच्या बाहेर मिनल कामावर जात होती, पोटभर जेवत होती. दोन स्थळं येऊन गेली. एकाने तिला नको म्हटलं, एकाला तिने. पियुषचं लग्न झाल्याचंही ऐकलं. त्याच्या नवरीचा ब्लाउज भैरवीबाईंकडेच शिवला होता.

गेल्या वर्षी पेटी उघडली ती नंदिनीसाठी. नंदिनी मिनलची चुलत बहीण, मौद्याची, वेतासारखी बारीक. तिचं लग्न ठरलं होतं. अंजनाबाईंना वाटलं, आता हा ब्लाउज सार्थकी लागेल. त्यांनी मला तिच्या अंगात घातलं आणि मी तिच्या खांद्यांवरून घसरलो. तिला मी दोन बोटं मोठा होतो.

तेव्हा काय झालं ऐका. जिने मिनलपुढचं ताट उचललं होतं, तीच पुरीवाली मावशी तिथे बसली होती. ती म्हणाली, "काय वं, काहून एवढी सुकली? हाडं दिसून राहिली. दूध-केळं खात जा, लग्नापर्यंत भरशील." अंजनाबाईंनी माझ्या आत कापूस भरायला घेतला. नंदिनी आरशासमोर हात छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मी आधी एकदा पाहिलं होतं.

मिनल ड्यूटीवरून आली ती याच वेळी. तिने बॅग खाली ठेवली, नंदिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काढ तो." मग मला हातात घेऊन तिने खांद्यापासून खालपर्यंत कात्री चालवली. कापूस खाली पडला.

"अवं, रेशमी आहे तो," अंजनाबाई म्हणाल्या.

"अस्तर सुती आहे," मिनल म्हणाली. "गाडीची काच पुसाले होईन."

तेव्हापासून मी रामाजींच्या सीटशेजारी असतो. रोज सकाळी ते मला ओला करतात आणि समोरच्या काचेवरची धूळ पुसतात. 'एम'ची पट्टी कुठे गळून गेली, मला माहीत नाही.

आत्मकथा सांगणारी वस्तू शेवटी नेहमी सांगते, मला नीट सांभाळा, माझी कदर करा. मी तसं सांगणार नाही. तुमच्या घरातल्या कपाटात, तळाशी, आईचा किंवा ताईचा असा एखादा कपडा पडलेला असेल, जो त्या कधीतरी बारीक होऊन घालणार आहेत, किंवा कधीतरी अंग धरून. त्याला जपू नका. तो काढा, कापा, सायकल पुसायला घ्या. आणि घरातली कोणी ताटावरून अर्धपोटी उठत असेल तर तिला हात धरून बसवा. कपड्याला भूक लागत नाही, मित्रांनो. माणसाला लागते.