ग्रीसगनवर घातलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी ग्रीसगन आहे. पोटात ग्रीस भरून दांडा दाबला, की ते यंत्राच्या सांध्यात जातं. उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणीत माझा जन्म गेला. कौतुक यंत्रांचं व्हायचं. माझी आठवण यायची ती एखादं किंचाळू लागलं की.

इर्मा लाहती मला वापरायची. थंडीत ग्रीस घट्ट होतं, म्हणून कॉफी पिताना मला कोटाच्या आत घेऊन बसायची. तिथली रीत अशी: आधी यंत्र बंद करायचं, दुसऱ्या कुणी ते चालू करू नये म्हणून बटणाच्या पेटीला आपलं लाल कुलूप लावायचं, मगच आत हात घालायचा. किल्ली तिच्या गळ्यात असायची.

जानेवारीत माल वाहणाऱ्या पट्ट्याचं बेअरिंग ओरडू लागलं. इर्माने कुलूप हातात घेतलं, तेवढ्यात मुकादम रुडी आला.

"पट्टा थांबवू नकोस. ओला माल गोठला तर पाळीभर खरवडत बसावं लागेल."

"खरवडू की. ग्रीसची नळी पट्ट्यापुढच्या जाळीबाहेर काढून द्या, बाहेरूनच ग्रीस भरता येईल, म्हणून दोन हिवाळे बोंबलतेय, तिचं काय झालं?"

"येईल गं. एवढी जुनी बाई तू, अजून घाबरतेस?"

"घाबरते म्हणून तर दोन्ही हात शाबूत आहेत."

"मग घरी जा. दुसरा कुणी भरेल."

दुसरा म्हणजे कालचा नवखा. इर्माने कुलूप खिशात टाकलं, जाळी काढली आणि मला आत नेलं. पट्ट्याने तिची बाही धरली. मी खाली पडले.

पट्टा मग थांबवावाच लागला. माल गोठलाच.

चौकशीत ऑफिसातले साहेब म्हणाले, ग्रीसगन जुनी होती, दांडा अडकला, त्या झटक्याने हात गेला. रुडीने मान डोलावली. मी टेबलावर पुरावा म्हणून पडले होते.

इर्मा उठली. तिची उजवी बाही पिनेने दुमडलेली होती.

"रुडी, हिला धर. मला एक हात कमी पडतो."

त्याने मला धरलं. तिने डाव्या हाताने दांडा दाबला, पुन्हा दाबला. ग्रीस त्याच्यासमोर टेबलावर पडत राहिलं.

"कुठे अडकतो, दाखव."

रुडी ग्रीसकडे बघत राहिला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

पुढच्या आठवड्यात नळी जाळीबाहेर आली. हातभर लांबीची होती.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. मी गंजले तर दुसरी मिळते. पण कुणी कुलूप हातात घेऊन उभं असेल, तर त्याला ते लावू द्या.