बरं झालं आलीस

माझा नवरा फोनवर हसायला लागला की माझी शिवण वाकडी जाते. मी पडदे शिवते. लांबच्या लांब सरळ टिपा मारायच्या असतात, आणि बाहेरच्या खोलीतून हा ‘हो दादा, अगदी बरोबर दादा’ करत खिदळला की टीप कुठल्या कुठे! मग बसा उसवत.

हे दादा म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. दारू सोडलेल्यांचा आणि सोडू पाहणाऱ्यांचा एक गट आहे, त्यातले सगळ्यात जुने. गुरुवारी बैठक, रविवारी बैठक आणि मधल्या दिवसांत फोन. घरी मी विचारलं, ‘काय रे, कसा गेला दिवस?’ तर उत्तर काय, ‘हं.’ बरं, लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर वर-खाली, सांगण्यासारखं काही नसेल म्हणावं, तर तेच सगळं दादांना अर्धा तास!

आणि हा गट शोधला कोणी? मी! दवाखान्यात विचारलं. औषधवाल्याला विचारलं, तर त्याने चारचौघांत असं काही बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी वाचनालयाच्या फळ्यावर कागद दिसला, ‘दारू सोडायचीय? या, बसू.’ ड्रायव्हिंग स्कूलच्या वरची खोली. दोनदा हा पायरीवरूनच परत फिरला. तिसऱ्यांदा मी त्याला वर पाठवलं आणि जिन्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसले. म्हटलं, आता उतरायचं तर माझ्या अंगावरून उतर. गेला मुकाट्याने. तेव्हापासून एक थेंब नाही.

मग मी खूश असायला हवं ना? आहे की. पण जळतेसुद्धा. अगदी जळून कोळसा होते. पीत होता तेव्हा निदान माझ्या गळ्यात पडून रडायचा, ‘तू आहेस म्हणून मी आहे’ म्हणायचा. सकाळी त्याला काही आठवायचं नाही, पण म्हणायचा तरी! आता शुद्धीवर आहे, तर शुद्धीतलं सगळं बोलणं तिकडे. माझ्या वाट्याला डबा भरणं आणि ‘हं’.

गेल्या रविवारी त्यांनी घरच्या माणसांनाही बोलावलं होतं. मी ठरवूनच निघाले, आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा. दादांना सगळ्यांदेखत सांगायचं, बास झालं, माझा नवरा मला परत द्या.

खोलीत भिंतींवर रहदारीच्या खुणांचे तक्ते आणि मध्ये गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. दादा अगदीच किरकोळ निघाले. मला वाटलं होतं, केवढा मोठा बाप्या असेल! त्यांनी माझ्या नवऱ्याच्या पाठीवर नुसती थाप मारली, तर याचा चेहरा असा उजळला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याकडे बघून कधी उजळला होता असा?

तिथे नाव कोणी सांगत नाही, कामावरूनच ओळख. एकेकाने उभं राहायचं. ‘मी बेकरीवाला. मी दारुडा आहे.’ की बाकीचे एका सुरात, ‘बरं झालं आलास!’ ‘मी हिशेबनीस. मी दारुडा आहे.’ ‘बरं झालं आलास!’ घरच्यांनी आपलं फक्त नातं सांगायचं होतं. माझ्या आधी एक वयस्कर बाई उठल्या. ‘मी नर्स. मी दारुडी आहे.’ ‘बरं झालं आलीस!’

आली माझी पाळी. डोक्यात माझं भाषण उकळत होतं आणि कानात त्यांचा तो ठेका. मी ताडकन उठले आणि म्हणाले, ‘मी पडदेवाली. मी दारुडी आहे.’

जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. आणि अख्खी खोली म्हणाली, ‘बरं झालं आलीस!’

अहो, मी खाली बसले ती रडायलाच लागले. याला शोधत मी कुठे कुठे गेले होते. त्याच्या कामावर, मित्रांच्या दारात, पोलीस चौकीत. सगळीकडे मला बघून लोकांची तोंडं पडायची. बरं झालं आलीस, असं एका माणसाने म्हटलं असेल तर शपथ. आणि याला मेल्याला हे आठवड्यातून दोनदा मिळतं!

नर्सबाईंनी माझा हात धरला. ‘पहिला दिवस अवघडच जातो गं.’ काय सांगणार, कपाळ! मी आपली मान हलवली.

‘अहो, ती पीत नाही,’ नवरा घाईघाईने म्हणाला. ‘खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून घेते. जीभ घसरली तिची.’

सगळे हसले. दादा मात्र चष्मा पुसत म्हणाले, ‘नसेना का पीत. आम्ही एकदा म्हटलं ते म्हटलं. परत घेत नाही.’

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? माझं भाषण मी गुंडाळून ठेवलं.

मग नवरा उठला. ‘मी लिफ्टवाला. मी दारुडा आहे.’ नजर सवयीने दादांकडे.

‘बरं झालं आलास!’ सगळे म्हणाले. मी तोंड मिटून बसले होते. मला त्यांच्यात मिसळून म्हणायचंच नव्हतं. त्यांचं सगळ्यांचं पूर्ण संपू दिलं आणि मग एकटीने, जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, ‘बरं झालं आलास.’

त्याने वळून बघितलं. दादांकडे नाही, माझ्याकडे. आणि खाली बसायचंच विसरला.