मांजरसुंबा येथील खोळंबा पुन्हा करण्याबाबत

बँड सापडला.

झालं, गोष्ट संपली. पण हे वाक्य मी लिहिलंच नाही असं समजा, कारण सापडला तेव्हा तो बँड राहिला नव्हता. आपण न सापडलेल्या बँडपासून सुरू करू.

माझे वडील, पंचाक्षरी अप्पा, बीडच्या बसस्टँडवर सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे माईकवर गाड्या पुकारायचे. घरातही तसेच बोलत. आईनं तवा चुलीवर ठेवला की म्हणायचे, "जेवणाऱ्या मंडळींनी कृपया लक्ष द्यावे." पंच्याण्णव सालच्या चौदा डिसेंबरला "बीडहून अंबाजोगाईकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक" एवढं म्हणून ते थांबले. प्रवासी पिशव्या उचलून नंबराची वाट बघत उभे राहिले. नंबर आलाच नाही. लकवा. उजवा हात गेला आणि शब्द तर झाडून सगळे गेले. 'हं'सुद्धा उरलं नाही.

अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, "बोलणं यायचं असलं तर वर्षाच्या आत येईल. नंतर फार आशा धरू नका."

माझा एसटीडीचा बूथ आहे. दिवसभर लोक माझ्या कानाशी ओरडत असतात, "आवाज येतोय का? आवाज येतोय का?" घरी गेलो की आईही अप्पांकडं बघून तेच विचारायची, फक्त न ओरडता.

पहिला उपाय म्हणून अप्पांना स्टँडवर नेऊन बाकड्यावर बसवलं. माईकवर दुसराच माणूस होता. अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि मी न्यायला येईपर्यंत तसंच ठेवलं. पुन्हा नेलं नाही.

मग मे महिना आला. दवाखान्यातून परत येताना मांजरसुंब्याच्या चौकात कांद्याचा ट्रक आडवा झाला. चारी रस्ते बंद. सव्वादोन तास. आमच्या एसटीला खेटून एक टेम्पो अडकला होता आणि त्यात लाल कोट घातलेला एक बँड घामानं निथळत उभा होता. त्यांचं लग्न हुकलं असावं, कारण त्यांनी तिथंच वाजवायला सुरुवात केली. असलं वाजवणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. चाल कळेना, ताल कळेना. क्लारनेट एकीकडं रडतंय, ट्रंपेट दुसरीकडं ओरडतंय, ढोल दोघांनाही ओळखत नाही. आणि तरी उठून जावंसं वाटेना.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "पाटोद्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे."

स्वच्छ. 'आहे' थोडं लांबवून, नेहमीसारखं. पुढच्या सीटवरची म्हातारी गाठोडं घेऊन उतरलीसुद्धा.

मी म्हणालो, "अप्पा?"

"प्रवाशांनी घाई करू नये," अप्पा म्हणाले.

आणि ट्रक सरकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोळंबा सुटला म्हणून रडणारा त्या चौकात मी एकटाच होतो. टेम्पो धुळीत गेला. ढोलावर नाव होतं, पण त्याच्यावर शाल पडलेली. दिसलं एवढंच: 'ज ब्रास बँड, शि'.

अप्पांचं तोंड पुन्हा मिटलं.

त्या दिवसापासून माझा मित्र भारत पुढं, मी मागं आणि मध्ये अप्पा, असे आम्ही त्याच्या राजदूतवर जिल्ह्यातल्या सगळ्या लग्नांना जाऊ लागलो. अप्पा पडू नयेत म्हणून मी त्यांना आईच्या लुगड्यानं स्वतःला बांधून घ्यायचो. लोकांना वाटायचं, नवस आहे.

नेकनूरला मांडवात एकानं हटकलं, "पाव्हणं, तुमी नवरीकडले का नवरदेवाकडले?"

"आमी बँडकडले," भारत म्हणाला.

"मग बसलात कावून? वाजवा की!"

त्या बँडात सात ट्रंपेटं होती. वाजवत होता एकच जण. बाकीचे सहा नवरदेवाचे मावसभाऊ होते, फोटोत लाल कोट यावा म्हणून उभे केलेले. शिरसाळ्याच्या बँडवाल्यांनी नवा कॅसिओ आणला होता. वाजवणारा 'डेमो'चं बटण दाबून जेवायला गेला आणि अख्खी वरात डेमोवर नाचली. एका वस्तीवर तर असा बँड भेटला, नाव ना गाव, की मी तासभर सगळं विसरून ऐकत राहिलो. अप्पांकडं बघायचंही राहिलं. भारतनं कोपर मारलं.

"काय बे, ऐकायला आलास का अप्पाला बोलतं करायला?"

त्याची लाज मला अजून वाटते. अप्पा सगळीकडं डाव्या हातानं बुंदी खायचे, बँडकडं मन लावून बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत.

पावसाळ्यात लग्नं बंद झाली, तेव्हा मी बूथवरून 'शि' अक्षराच्या गावांना फोन लावत बसलो. "तुमच्याकडं 'ज'नं संपणारा बँड आहे का?" एका गावानं 'इलाज' सांगितलं. गेलो तर तो दवाखाना होता. अप्पांची तब्येत बघून डॉक्टर म्हणाले, बरं केलंत आणलंत.

दिवाळी झाल्यावर शिरूर कासारला गेलो. अर्ध्या घरांना कुलपं. एका अंगणात मोठा ढोल आडवा ठेवलेला आणि त्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. मी त्या हातानं बाजूला सारल्या. 'सरताज ब्रास बँड, शिरूर'.

"मिरच्याला हात कावून लावतूस रे?" उंबऱ्यातून एक म्हातारी ओरडली. तिचं नाव केशरबाई.

"मावशी, हा बँड कुठंय?"

"बँड ऊस तोडाया गेलाय."

"सगळा?"

"अकरा गडी, पाच मुकादमांकडं. कोण सांगलीकडं, कोण कोल्हापूरकडं, दोघं तर पार कर्नाटकात. आखाजीला या, बँड हुईल."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्यात. वर्ष चौदा डिसेंबरला भरत होतं. मी तिच्यासमोरच मिरच्यांचे हात डोळ्यांना लावले. त्यामुळं मी नक्की कशानं रडलो हे आजही सांगता येणार नाही. केशरबाईनं तांब्याभर पाणी दिलं आणि आपल्या पोराचा, निवृत्तीचा पत्ताही दिला. क्लारनेट त्याचं. तो त्यातल्या त्यात जवळ होता, नगरकडं.

बारा डिसेंबरला अप्पांना घेऊन उसाच्या फडावर पोचलो. निवृत्तीच्या हातांवर उसाच्या पाल्यानं चरे पडले होते. त्यानं पाचटाच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, शर्टात गुंडाळलेलं क्लारनेट आणलं, बोटं पुसली आणि वाजवलं. इतकं गोड वाजवलं की तोडणारे कोयते थांबले. अप्पा बैलगाडीच्या चाकाकडं बघत होते.

"हे न्हाई हो," मी त्याचे पायच धरले. "त्या दिवशी मांजरसुंब्याला वाजवलं ते वाजवा."

निवृत्ती हसायला लागला. "भाऊ, त्या दिशी आमी वाजवीत नवतो, भांडत हुतो. लगीन हुकलं, तर खोट कुणाची? कुणी कुणाचं ऐकंना. मंग ज्यानं त्यानं आपापलं गाणं लावलं. अकरा माणसं, अकरा गाणी. वर चारी रस्त्यानं हारन."

मी अप्पांकडं बघितलं. अकरा गाणी, हॉर्न, सगळे ओरडतायत, कोणी कोणाचं ऐकत नाही. सव्वीस वर्षं या माणसानं दुसरं काय ऐकलं होतं? आणि माईकवर दुसरा कोणी नव्हता. तो बँड नव्हताच. तो स्टँड होता.

"मग पुन्हा भांडा की!"

"येकटा कुणाशी भांडू?" निवृत्ती म्हणाला. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली आणि बँडचा सापडलेला अकरावा हिस्सा कोयता उचलून उसात गेला.

अप्पांचे ओठ हलले. मी कान लावला. त्यांच्या दाढेत उसाचं चिपाड अडकलं होतं.

त्याच संध्याकाळी बूथवर बसून पुढचा अर्ज लिहिला.

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब, बीड.

विषय: मौजे मांजरसुंबा येथील खोळंबा पुन्हा करण्याबाबत.

महोदय,

सविनय अर्ज सादर करतो की, दि. १४ डिसेंबर १९९६ रोजी सूर्यास्तापूर्वी मौजे मांजरसुंबा येथील चौकात कांद्याचा एक भरलेला ट्रक शासनामार्फत आडवा करण्यात यावा. ड्रायव्हरास इजा होऊ नये. चारी रस्ते सव्वादोन तास बंद ठेवावेत. सरताज ब्रास बँडच्या अकरा इसमांना पाच मुकादमांकडून एक दिवस मोकळे करून एकाच टेम्पोत बसवावे व त्यांच्यात भांडण लावून द्यावे. अर्जदाराचे वडील एसटीत खिडकीशी असतील. त्यांना यातले काहीही आधी कळू देऊ नये, कळल्यास तो योगायोग राहणार नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

सर्व शब्द परत मिळावेत असा अर्जदाराचा आग्रह नाही. गेल्या वर्षी बीडहून अंबाजोगाईकडे जाणारी गाडी कोणत्या फलाटावर लागणार होती, तेवढा क्रमांक त्यांच्या तोंडून मिळवून द्यावा, ही नम्र विनंती.