धाकू खलाशाचं कोपर

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू जाते आणि उरलेली अर्धी तो मनची लावतो. कीर्तनकार बुवा पूर्वरंग आटोपून, बुक्का लावून घेऊन मग आख्यानाला हात घालतात. माझ्याकडे बुक्का नाही आणि पूर्वरंगही नाही. सरळ आख्यानच सांगतो. आभाळात हरवलेल्या एका चामड्याच्या बाहुल्याचं.

आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. नवरात्रात देवळात रोज कीर्तन असे, आणि झांजेला मी. कीर्तनाआधी, दिवेलागण झाली की कुडाळकडचा गणपत बाहुल्यांचा खेळ लावी. पुढे पांढरा पडदा, मागे तेलाचा दिवा, मध्ये चामड्याचे रंगवलेले बाहुले. तोही झांजेला मलाच बसवी. त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजू मला ठाऊक.

एकसष्ट साली माणूस आभाळात जाऊन जिवंत परत आल्याची बातमी आली. त्या नवरात्रात गणपतने पुराणातली आख्यानं पेटाऱ्यातच ठेवली आणि नवंच काही काढलं. एक गलबत. त्याचं शीड वाऱ्याने नाही, नामस्मरणाने फुगे, आणि ते चांदण्यांमधून चंद्राकडे निघालेलं. वर तीनच माणसं. गलबत हाकणारा रुद्राजी तांडेल. नक्षत्रं ओळखून वाट सांगणारी त्याची बहीण अंबू. आणि पेज रांधणारा धाकू खलाशी, पोट सुटलेला, स्वतःच्या सावलीला भिणारा. गोष्ट दरवर्षी पुढे जाई आणि शेवटच्या संध्याकाळी अशा जागी थांबे की वाडीला पुढच्या नवरात्रापर्यंत दुसरा विषय नसे.

बंदरावर मासळीचा लिलाव संपला की बायका पाट्या उपड्या घालून त्यावरच बसत.

"अंबू कधी बसली बघलास?" शेवंती विचारी. "पयल्यापासून उभी आसा. नवस आसा तिचो. भाऊस घराक पोचल्याबिगर बसूचा नाय."

"आणि रुद्राजीचो दुसरो डोळो खंय?" होडीवाला सत्यवान मध्येच तोंड घाली. "कायम एकच दिसता. दुसरो शनीन काढून घेतलेलो आसतलो."

खरं सांगायचं तर अंबूच्या बाहुलीला गुडघेच नव्हते, आणि सगळेच बाहुले एका बाजूने कापलेले, तर दुसरा डोळा दिसणार कुठून? पण गणपत हे सगळं ऐकून घेई. पुढच्या वर्षी पडद्यावरची अंबू खरोखरच नवसाचं बोलली, तेव्हा शेवंती आठवडाभर कोणाशी साधं बोलेना.

काशीबाई मात्र वेगळंच बघत असे. ती मासे विकून येई, घरातल्या मोठ्या खटल्याला रांधून वाढी आणि शेवटी उरेल ते जेवी. ती एकदा म्हणाली, "धाकू रांधता, दोघांका वाढता. पण तो जेवताना कोणी बघलो?"

"आत जाऊन जेवत आसतलो गो," शेवंती म्हणाली.

"आत खंय? सगळो मिळान एक पडदो. तेका आत आसा खंय?"



तिसऱ्या वर्षी गलबताचा नांगर चंद्राच्या टोकात अडकला. तो सोडवायला कोण वर चढला, तर भित्रा धाकू. नांगर सुटला, पण दोर तुटला आणि धाकू पडद्याच्या वरच्या कडेतून दिसेनासा झाला. तिथेच खेळ संपला. त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. बाहुल्याचा पाय उंदराने कुरतडला होता. जीर्ण बाहुला टाकून द्यायचा नाही, पूजा करून वाहत्या पाण्यात सोडायचा, ही गणपतच्या घराण्याची रीत. त्याने धाकूला वालावलीच्या खाडीत सोडलं. भित्रा माणूस शूरासारखा गेला, यापेक्षा बरा शेवट कोणता, असं त्याला वाटलं.

वाडीला तसं वाटलं नाही.

"गेलो तो," शेतकरी विठोबा म्हणाला. "वर गेलो म्हणजे काय ता तुका सांगूक होया?"

"पडलो आसतो तर खाली इलो आसतो," काशीबाई म्हणाली. "खाली समुद्र. समुद्रात आमच्याच होडये. कोणाच्या जाळ्यात गावलो? नाय. म्हणजे तो चंद्रारच आसा. आणि पेजेचो टोप तेच्या कमरेक होतो."

"टोप होतो?"

"मी बघलंय."

विठोबा जरा विचारात पडला. "टोप आसलो तर मगे जिवंत आसतलो," तो म्हणाला.

पण सगळेच काही विठोबासारखे समजूतदार नव्हते. वाद इतका वाढला की शेवटी आमच्याकडे सगळे वाद जिथे जातात तिथे, देवाच्या पायाशी, गेला. महादू गुरवाला कौल लावायला सांगितलं.

"बाहुल्याखातर कौल?" कोणीतरी म्हणालं.

"इचारूक हरकत नाय," महादू म्हणाला. "जबाब देवचो की नाय, ता देव बघून घेतलो."

त्याने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी सुटली. धाकू जिवंत. महादूने लगेच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझो जो कोण लेकरू आभाळात अडाकलो आसा, तेका सुखरूप किनाऱ्याक लाव रे म्हाराजा." आणि अख्खी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पुढच्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी गणपत पेटारा घेऊन आला आणि महादूने त्याला हे सांगितलं. गणपत देवळाच्या पायरीवरच बसला.

"महादू, तो बाहुलो मी खाडयेत सोडलंय."

"ता माका सांगा नको. देवाक सांग."

नवं कातडं मिळवून, कमावून बाहुला करायचा तर महिना हवा. पहिल्या संध्याकाळी त्याने धाकूशिवायच खेळ लावला. बायकांच्या बाजूच्या चटया रिकाम्या. काशीबाईने सांगून ठेवलं होतं, धाकू येईपर्यंत खेळाला बसायचं नाही. रुद्राजी चटयांशी बोलला, अंबू चटयांना नक्षत्रं दाखवत राहिली. खेळ संपल्यावर गणपत दिवा विझवायचंही विसरला. "झांजकार," तो मला म्हणाला, "पुढच्या वर्षी ह्या वाडयेत माका कोण बोलवचो नाय."

सकाळी महादूने देवळाच्या जुन्या ढोलाचं फाटकं कातडं त्याच्यापुढे आणून ठेवलं. "देवान जीव वाचवलो. आंग पण देवाच्याच घरचा घे."

गणपतने ते खरवडून पातळ केलं आणि सभामंडपातच कापायला घेतलं. मासे विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन वाकून बघू लागल्या.

"नाक इतक्या सरळ नव्हता."

"पोट वाढव रे."

"बारीक झालो आसतलो गो. वरीसभर चंद्रार होतो."

"बारीक होवचो नाय तो. टोप होतो ना?"

सगळ्या गेल्यावर काशीबाई मागे राहिली. "गणपता, तेचो हात तोंडापर्यंत जाता?"

गणपतची सुरी थांबली. "नाय, काकी. जुन्या बाहुल्याचो हात अख्खोच होतो, सरळ पुढे जाणारो. माझ्या आज्यान तो वाढप्याचो बाहुलो म्हणूनच कापललो."

"म्हणान जेवक नाय तो," काशीबाई म्हणाली. "ह्येका कोपर घाल."

"कोपर घातला तर हाताक आणखी एक काठी होयी. माझे दोन्ही हात आधीच गुंतलले. काठी धरतलो कोण?"

काशीबाईने माझ्याकडे बघितलं. "झांज काय, कोणीय वाजयता."

शेवटच्या संध्याकाळी चटया पुरल्या नाहीत. माणसं पायऱ्यांवर उभी. गलबत हळूहळू चंद्राला लागलं, आणि चंद्राच्या कडेला टोप घेऊन धाकू बसलेला. ओळखीचं नाक, ओळखीचं पोट. गणपतने त्याचा आवाज काढला, "तांडेलानू, खंय होतास? पेज निवली."

मंडपभर हसू उसळलं आणि त्यातच कोणीतरी नाक ओढलं. धाकूने सवयीने डाव उचलला, रुद्राजीला वाढायला. तेव्हा रुद्राजी म्हणाला, "धाकू, आज आधी तू जेव."

मी काठी उचलली. आयुष्यभर झांज वाजवलेला हात तो. धाकूचा घास पहिल्यांदा कानात गेला.

"इसारलो बिचारो," विठोबा म्हणाला. "सवय खंय आसा तेका."

दुसऱ्यांदा मी श्वास धरून कोपर वाकवलं. घास तोंडाला लागला. मग बायकांच्या बाजूने काशीबाईचा आवाज आला, "सावकाश खा रे. कोणी हाक मारणा नाय तुका."

धाकूने पोटभर पेज खाल्ली. माझा हात भरून आला तरी मी थांबलो नाही. त्या दिवशी कीर्तन उशिरा सुरू झालं, आणि बुवा स्वतः मागच्या चटईवर बसून बघत होते, म्हणून कोणी काही बोललं नाही. पुढची कितीतरी वर्षं गणपत आमच्याच वाडीत येत राहिला.

आता तुम्ही घरी जाल, पानं मांडली जातील. वाढणारा हात कोणाचा आहे ते बघा, आणि तो त्याच्या स्वतःच्या तोंडापर्यंत जातो का, तेही बघा. नसेल जात, तर आपलं पान जरा बाजूला सारून वाढणाऱ्याला जागा करा आणि आमच्या काशीबाईची आठवण काढा. माझी एवढीच विनंती आहे.